मोराचा डावा पाय

माझ्या पक्ष्यांच्या वहीत प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ असते. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. मला पहिल्यांदा पाषाणच्या तळ्यावर नेणारे सर फार कडक होते. "दिसलं ते लिहा, वाटलं ते लिहू नका," हे त्यांचं पालुपद. बगळा 'ध्यानस्थ' लिहिलेला त्यांना खपायचा नाही. किती वेळ उभा होता, पाणी किती खोल होतं, मासा मिळाला का, हे लिहायचं. मी आज्ञाधारक होते, पण स्वभावाला औषध नाही. म्हणून रेघ मारून तडजोड केली. सरांनी वही मागितली की उजवी बाजू तळहाताने झाकून धरायची.

दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तळं, टेकडी सगळं बंद झालं. बाल्कनीच्या जाळीपलीकडे दिसतील तेवढेच पक्षी. म्हणजे कबुतरं, आणि बाकी पुन्हा कबुतरंच. बॉस्टनला असणारा भाचा सुट्टीवर आला होता, त्याने टॅबलेट हातात दिला. "मावशी, जगातली निम्मी म्युझियमं यात आहेत. बघत बस." मी त्यातही पक्षीच शोधले. शोधता शोधता नऊशे वर्षांपूर्वीच्या चीनमध्ये, सोंग घराण्याच्या दरबारात जाऊन पोचले. तिथे दिसलेलं आणि वाटलेलं एकाच रेशमावर शेजारी शेजारी होतं. मध्ये रेघ नव्हती.

पहिलं चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातलं. उभा रेशमी पट, कातर अंगाची एक फांदी, तिच्यावर मेणातून कातल्यासारखी पिवळी फुलं. चिनी लोक त्याला 'मेणाचं मेइ' म्हणतात (मेइ म्हणजे चिनी आलुबुखार), ऐन थंडीत फुलतं. फांदीवर दोन पक्षी, अंगाला अंग लावून. मी चष्मा पुसून चित्र मोठं केलं, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "अगं बाई, बुलबुल!" आपल्या अंगणातल्या लालबुड्याचा चुलतभाऊच. डोक्यावर पांढरा पट्टा, म्हणून चिनीत त्याचं नाव 'पांढऱ्या डोक्याचा म्हातारा'. खाली डावीकडे चार ओळींची कविता:

रानपाखराला आपल्या सहजपणाचा तोरा,
मेइची पूड हलकेच खेळते आहे.
शेंदूर-निळीचा करार तर झालेलाच आहे,
हजार शरद, डोकं पांढरं होईपर्यंत.

शेंदूर-निळी म्हणजे 'दान-छिंग', हिंगूळ आणि नीळसर खनिजाचा रंग. चिनीत या जोडशब्दाचा अर्थच 'चित्रकला'. आणि पांढरं डोकं म्हणजे म्हातारपणापर्यंतचा सहवास. पक्ष्याचं नाव, त्याचा खराखुरा पांढरा पट्टा, जोडप्याला दिलेला आशीर्वाद आणि चित्रकाराचा शब्द, चारही गोष्टी एका शेपटीला बांधल्या. सरांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. कारण पक्षी अचूक आहे. डोक्यावरच्या पांढऱ्याची जागा आणि फांदीवरची पकड, चूक काढायला जागा नाही. 'दिसलं'चा रकाना पूर्ण भरलाय आणि तरी 'वाटलं' त्याच्यात मुरलंय.

ही कविता लिहिणारा सम्राट हुइझोंग. जन्म १०८२, गादीवर आला ११०० साली. खरं तर त्याचा नंबरच नव्हता. भाऊ निपुत्रिक वारला म्हणून हा आला. तेव्हा एका ज्येष्ठ मंत्र्याने स्पष्ट विरोध केला होता की हा राजपुत्र उथळ आहे, राज्य करण्याच्या लायकीचा नाही. मंत्री बाजूला पडला. पुढे जे झालं त्यावरून त्याचं म्हणणं खोटं ठरलं असं म्हणवत नाही, पण त्याच माणसाने जगातली सगळ्यात सुंदर पाखरं रेशमावर आणली, हेही तितकंच खरं.

त्याने आणली, की त्याच्या माणसांनी? हा वाद जुना आहे. त्याच्या नावावरची बरीच चित्रं दरबारी चित्रकारांनी काढलेली असावीत. चित्रांवरची सहीच पाहा: 'श्वेनहे महालात सम्राटाने रचून लिहिलं'. रचलं, लिहिलं. 'रेखाटलं' असा शब्द त्यात नाही. पण अक्षराचं वळण त्याचं, यात शंका नाही. त्या लिपीचं नाव 'शौजिन', कृश सोनं. प्रत्येक रेघ बारीक, ताठ, शेवटी किंचित आकडा. मला ती शेकाट्याच्या पायांसारखी वाटते. चिखलात उभा असलेला शेकाट्या, सगळा देह दोन लाल काड्यांवर तोललेला. (हे अर्थातच उजव्या रकान्यातलं.)

या सम्राटाची नजर मात्र डाव्या रकान्याची होती, आणि तीही आमच्या सरांपेक्षा कडक. देंग छुन नावाच्या लेखकाने त्याच शतकात दरबारी चित्रशाळेच्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. त्यातली एक गुलाबाची. नवा महाल बांधून झाला, भिंती आणि पडदे रंगवायला नामांकित चित्रकार बसवले. सम्राट बघायला आला आणि कशाचंही कौतुक न करता पुढे चालला. एका ठिकाणी मात्र थांबला. तिरक्या फांदीवरचं बारमाही गुलाबाचं फूल. कोणी काढलं? एका नवख्या पोराने. त्याला तिथल्या तिथे मानाचा तांबडा पोशाख. कुणाला कारण कळेना. सम्राट म्हणाला, हा गुलाब काढणं फार थोड्यांना जमतं, कारण ऋतूप्रमाणे आणि सकाळ-संध्याकाळप्रमाणे त्याची पाकळी, केसर, पान वेगळं दिसतं. हे वसंतातल्या भर दुपारचं फूल आहे, केसभराचा फरक नाही.

दुसरी मोराची. श्वेनहे महालासमोर लिचीची झाडं लावली होती. त्यांना फळं धरली आणि खाली मोर आले. सम्राटाने तातडीने चित्रकारांना बोलावलं. सगळ्यांनी जीव ओतला, पिसारे नुसते झळाळत होते. चित्रातला मोर एका उंचवट्यावर चढायच्या बेतात, उजवा पाय उचललेला. सम्राट म्हणाला, जमलं नाही. कुणाला चूक सापडेना. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, तरी नाही. तेव्हा तो म्हणाला, "मोर उंचावर चढताना नेहमी आधी डावा पाय उचलतो."

आता मला सांगा, पक्षी बघणाऱ्या माणसाने हे वाचल्यावर काय करायचं? गुडघा बरा झाल्यावर पहिली सहल ठरली. शिरूर तालुक्यातलं मोराची चिंचोली. पहाटे पोचले, एका बांधालगत दुर्बीण घेऊन बसले. बाजूला वही, तिच्यात 'डा' आणि 'उ' अशी अक्षरं. तिथले एक शेतकरी चहा घेऊन आले. "काय मोजताय ताई? पिसं?" म्हटलं, नाही, पाय. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोनच असत्यात." मोर बांधावर चढला: डावा. दुसरा: उजवा. तिसरा चढलाच नाही, उडून चिंचेवर बसला. लांडोरी तर असल्या भरभर जातात की कुठला पाय आणि कुठला काय. दोन तास बसून पान भरलं आणि निकाल असा की सम्राटाच्या नियमाला मोरांचा पाठिंबा नाही. निदान चिंचोलीच्या तरी.

घरी येताना गाडीत वाटलं, मुद्दा पायाचा नसणारच. चुकलेल्या पायाने घाबरलेले ते चित्रकार पुढच्या वेळी मोराकडे किती बारकाईने बघत असतील! एवढा एक पाय बरोबर यावा म्हणून दिवसचे दिवस पाखरामागे फिरत असतील. आणि ते दिसतं. दरबारी चित्रांतल्या पक्ष्याचा डोळासुद्धा नुसता रंगाचा ठिपका नाही. देंग छुन सांगतो की हुइझोंगच्या पक्ष्यांचे डोळे कच्च्या लाखेच्या रोगणाने टिपलेले असत, डाळीच्या दाण्याएवढा उंचवटा, पटाच्या वर आलेला, आत्ता हलेल असा. स्क्रीनवर तो उंचवटा दिसत नाही, हे माझं दुःख.

पण नुसती अशी नजर पुरत नव्हती. ११०४ मध्ये सरकारी शिक्षणात चित्रकला आली, आणि प्रवेशाच्या परीक्षेला विषय म्हणून कवितेची ओळ मिळे. 'रानातल्या पाण्याला ओलांडणारं कुणी नाही, एकटी नाव दिवसभर आडवी.' बहुतेकांनी काठाला बांधलेली रिकामी नाव काढली. कुणी नावेच्या कडेवर बगळा बसवला, कुणी टपावर कावळा. पहिला आलेल्याने नावाडीच काढला. नावेच्या टोकाला आडवा पडलाय, जवळ एक बासरी. म्हणजे नावाडी आहे, उतारू नाहीत. ओळीचा अर्थ त्यालाच कळला. दुसरी ओळ होती, 'अस्ताव्यस्त डोंगरांनी जुनं देऊळ लपवलंय.' बाकीच्यांनी मनोऱ्याचा शेंडा दाखवला, कुणी छपराचं टोक. पहिल्याने नुसते डोंगर काढले आणि मधून एक निशाणाची काठी वर आलेली. देऊळ दिसलं तर ते लपलं कसलं?

बगळा काढणारे पहिल्या नंबराला मुकले, हे मला लागलंच. मीही बगळाच काढला असता.

यानंतर मी त्या दोन प्रसिद्ध चित्रांकडे आले, आणि त्यातल्या एका कवितेशी माझं आजवर जमलेलं नाही. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातलं 'फुरोंग आणि जरीकोंबडा'. फुरोंग हे जास्वंदीच्या कुळातलं झाड. फुलं सकाळी फिकी उमलतात आणि दिवस चढेल तशी गुलाबी होत जातात. थंडीच्या तोंडावर फुलतं म्हणून त्याला 'हिमकणांना न जुमानणारं' असंही नाव. जरीकोंबडा म्हणजे सोनेरी फेझंट, शब्दाशब्दाने 'जरीचा कोंबडा'. तो फांदीवर उतरलाय, फांदी त्याच्या वजनाने वाकलीय, आणि मान वळवून वर उडणाऱ्या दोन फुलपाखरांकडे बघतोय. खाली कोपऱ्यात शेवंती. फांदीचा तो बाक मी तासभर पाहिला असेन. पक्ष्याचं वजन फांदीवर आलंय, हे काढणं सगळ्यात अवघड. बहुतेक चित्रांतले पक्षी फांदीवर चिकटवलेले असतात.

आणि कविता काय म्हणते? शरद करारी झाला, फूल बहरलं, उंच तुऱ्याचा, जरीच्या पिसांचा कोंबडा. याच्यात पाचही सद्गुण पूर्ण आहेत हे ठाऊकच आहे, निवांतपणात हा पाणपाखरांना मागे टाकतो. पाच सद्गुण ही कोंबड्याबद्दलची फार जुनी कल्पना. डोक्यावर तुरा म्हणजे विद्या, पायाला आर म्हणजे शौर्य, शत्रू समोर आला की भिडतो ते धैर्य, दाणा दिसला की इतरांना हाका मारतो ती दया, आणि वेळेवर आरवतो तो विश्वासूपणा. थोडक्यात, आदर्श सरकारी अधिकारी. असली चित्रं राजा मर्जीतल्या लोकांना भेट देत असे, तेव्हा इशारा पोचत असणारच. मला मात्र हे शाळेतल्या प्रशस्तिपत्रकासारखं वाटतं. पक्षी बिचारा फुलपाखरांकडे बघतोय आणि बाजूला त्याचा चारित्र्याचा दाखला चिकटवलाय. बुलबुलाच्या कवितेत अर्थ पक्ष्याच्याच डोक्यावरून आला होता. इथे तो वरून ठेवलाय. त्यातून हा जरीकोंबडा आरवतही नाही, तो गुण घरच्या कोंबड्याचा. पण दरबारात कोण बोलणार?

दुसरं चित्र बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे, १९३३ पासून. आडवा पट, एका बाजूला जर्दाळूच्या फुललेल्या फांदीवर पंचरंगी पोपट, दुसऱ्या बाजूला कृश सोन्यात लिहिलेली प्रस्तावना आणि कविता. भाच्याला फोन केला की जाऊन बघ, मला डोळ्याचा उंचवटा आहे का सांग. तो एका शनिवारी गेला आणि त्याने तिथूनच फोन केला. "मावशी, तुझा पोपट आत ठेवलाय." रेशमावरची इतकी जुनी चित्रं उजेड सहन करत नाहीत, थोडे दिवस बाहेर, मग कित्येक दिवस अंधारात. त्यामुळे या पोपटाची आणि आमच्या घराण्याची भेट अजून व्हायची आहे.

प्रस्तावना मला कवितेपेक्षा जास्त आवडते. तिचा आशय असा: पंचरंगी पोपट डोंगरांपलीकडच्या दक्षिणेतून आला. राजवाड्याच्या बागेत त्याला पाळलं. माणसाळलेला, लाडका, मनाला येईल तसा उडतो, बोलतो, बागांमधून ये-जा करतो. वसंताच्या मध्यावर सगळीकडे जर्दाळू फुलला होता, तो त्यावर उडून बसला. त्या बसण्याला स्वतःचा एक डौल होता. नजर भरून पाहिलं, तर चित्रालाही मागे टाकणारं. म्हणून ही कविता केली.

किती साधं आहे हे! स्थळ, ऋतू, झाड, वागणूक. आमच्या वहीतली नोंदच. 'चित्रालाही मागे टाकणारं' हे चित्राच्याच शेजारी लिहिलंय, याची गंमत त्याला कळली असणार. मग कविता सुरू होते आणि राजा जागा होतो. दूरच्या कोपऱ्यातून नऊ दारांआडच्या महालात नजराणा म्हणून आलेलं अद्भुत पाखरू. अंगावर पाचही रंग, हे सामान्य नव्हे. चतुराईने भरपूर बोलतं, आवाजही गोड. येरझारा घालतं, जणू भाताने आणि राळ्याने मन भरलंय.

त्या येरझाऱ्यांच्या ओळीपाशी मी दर वेळी अडखळते. आमच्या आजोळी ओसरीवर पोपटाचा पिंजरा होता. तेव्हा घरोघर असत, कायदा नंतर आला. त्याला पेरू मिळे, डाळ मिळे, मिरची मिळे. "कोण आलंय?" असं विचारायचा, आणि येणारे-जाणारे खुश व्हायचे. तोही पिंजऱ्यात येरझारा घालायचा. पण त्याचं मन भरलंय की पोट, हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारला नाही. सम्राटाने निदान 'मन' हा शब्द वापरला. उत्तर मात्र स्वतःच्या सोयीचं दिलं.

सोयीची उत्तरं त्या दरबारात पाखरांकडून सतत मिळत होती. १११२ साली, दिव्यांच्या सणाच्या दुसऱ्या संध्याकाळी, राजधानी काइफंगमध्ये राजवाड्याच्या मुख्य दरवाजावर ढग उतरले आणि करकोच्यांचा थवा आला. लोक रस्त्यात थांबून हात जोडून बघत राहिले. सम्राटाने चित्र काढलं, कविता लिहिली. ते ल्याओनिंगच्या संग्रहालयात आहे. निळसर आकाश, खाली छपरांची ओळ, आणि एकूण वीस करकोचे, मी मोजले. अठरा हवेत, दोन छपराच्या टोकांवर. तैपेईतल्या बुलबुलांसारखी जवळीक इथे नाही, पण इतकं मोकळं आकाश मी दुसऱ्या कुठल्या जुन्या चित्रात पाहिलेलं नाही. शुभशकुन. कावळा ओरडला की पाहुणा येणार, असं आपण म्हणतोच; इथे करकोचे आले की राज्य उत्तम चाललंय.

मग शकुन कमी पडू नयेत म्हणून व्यवस्थाही झाली. राजधानीच्या ईशान्येला गेन्यूए नावाची प्रचंड बाग उभी राहिली, १११७ ते ११२२. कृत्रिम डोंगर, दक्षिणेतून नावांवर लादून आणलेले विचित्र आकाराचे दगड, झाडं, प्राणी. दगड मोठा असला तर वाटेतले पूल पाडत. या वाहतुकीच्या जाचाने दक्षिणेत ११२० मध्ये बंड पेटलं. ते सगळं इतिहासात आहे. मला सांगायचंय ते बागेतल्या श्वे नावाच्या म्हाताऱ्याबद्दल. पक्षी माणसाळवण्यात तो वस्ताद होता. बागेत मोठमोठ्या पात्रांत मांस आणि भात मांडायचा, पक्ष्यांचे आवाज काढायचा, त्यांना पोटभर खाऊ द्यायचा. महिन्याभरात पाखरं हाक न मारता जमू लागली. एके दिवशी सम्राटाची स्वारी येत असल्याचा पुकारा झाला आणि हजारो पक्षी एकदम उतरले. श्वे पुढे होऊन म्हणाला, "बागेतले शुभपक्षी महाराजांच्या स्वागताला आले आहेत." सम्राट हरखला. श्वेला पद मिळालं.

हे वाचून मी आधी हसले. मग त्या मोराच्या गोष्टीतल्या माणसाची आठवण झाली. गुलाबाची वेळ ओळखणारा, मोराचा पाय पकडणारा हाच ना? त्याला भाताचं पात्र दिसलं नाही?

उत्तरेकडून जुर्चेन टोळ्यांचं जिन राज्य चालून आलं. हुइझोंगने मुलावर गादी सोपवली. ११२६ च्या हिवाळ्यात दुसऱ्यांदा वेढा पडला आणि लांबला. सोंगांच्या अधिकृत इतिहासात या बागेच्या नोंदीत शेवटी जे आलंय ते तसंच सांगते. नव्या सम्राटाच्या आज्ञेवरून बागेतले डोंगरपक्षी आणि पाणपक्षी, एक लाखाहून जास्त, सगळे बियान नदीवर सोडून दिले. जिकडे जातील तिकडे. घरं पाडून जळण केलं. दगड फोडून तोफगोळ्यांसारखे भिरकावायला वापरले. बांबू तोडून कुंपणं केली. हरणं मारून पहारेकऱ्यांना खाऊ घातली.

लाखभर पाखरं हिवाळ्याच्या नदीवर. कित्येकांना महिनोन्महिने भाताच्या पात्राची सवय. पंचरंगी पोपट त्यांत होता की आधीच मेला होता, याची नोंद नाही. दक्षिणेतला पक्षी, काइफंगची थंडी. मी हिशोब करायचं टाळते.

शहर ११२७ च्या जानेवारीत पडलं. बाप आणि मुलगा, दोन्ही सम्राट, राण्या, राजपुत्र, कारागीर, हजारो माणसं उत्तरेला हाकलत नेली. वाटेत किंवा पुढे कधीतरी हुइझोंगला जर्दाळूचं झाड फुललेलं दिसलं. त्यावर एक गेय रचना परंपरेने त्याच्या नावावर आहे. तिची सुरुवात फुलापासून होते, तीच जुनी दरबारी नजर. 'कापलेलं बर्फाचं रेशीम, हलकेच घातलेल्या कितीतरी घड्या, वर लालीचा फिका, एकसारखा हात.' पुढे फूल गळतं, पाऊसवारा येतो. आणि मग भिंगऱ्या येतात:

विरहाचं एवढं मोठं ओझं कुणाबरोबर पाठवू?
या जोडीच्या भिंगऱ्यांना माणसाची भाषा
कधी कळली होती?

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा टॅबलेट बाजूला ठेवला. अशाच जर्दाळूच्या झाडावर एकदा पंचरंगी पोपट बसला होता. बोलणारा. तो काय बोलायचा? शिकवलेलं. महाराजांना आवडेल ते. आयुष्यभर पाखरं या माणसाशी बोलत आली: करकोचे शकुन सांगत होते, कोंबडा सद्गुण सांगत होता, श्वेचे पक्षी स्वागत करत होते. आणि आता दोन भिंगऱ्या समोर उडतायत आणि त्यांना याच्याशी काही देणंघेणं नाही. माझ्या मते या माणसाने अख्ख्या आयुष्यात पक्ष्यावर लिहिलेली ही सगळ्यात खरी ओळ आहे. तिच्या शेजारी चित्र नाही. काढायला रेशीम कुठलं असणार?

कविता तिथे थांबत नाही. जुना राजवाडा कुठल्या कुठे, हजार डोंगर आणि दहा हजार नद्यांपलीकडे. आठवण कशी येणार नाही? स्वप्नात कधीमधी जाणं व्हायचं. त्याचाही काही भरवसा नाही, हल्ली स्वप्नसुद्धा पडत नाही.

जिनांनी त्याला पदवी दिली: 'मंदसद्गुण सरदार'. कोंबड्याचे पाच मोजणाऱ्या माणसाला. ११३५ मध्ये तो मेला, आजच्या हेइलोंगजियांग प्रांतातल्या एका गावात, फार उत्तरेला. त्या भागात उन्हाळ्यात अंडी घालणारी माळभिंगरी आपल्याला परकी नाही. त्याच जातीच्या भिंगऱ्या हिवाळ्यात खडकवासल्याच्या वाटेवर तारांवर ओळीने बसतात. मी त्यांची नोंद करते: तारीख, अंदाजे संख्या, कुठली तार. या वर्षी नोव्हेंबरात उजव्या रकान्यात पेन टेकवलं होतं. काही लिहिलं नाही.

दक्षिणेत हांगझोऊला सोंगांचं उरलेलं राज्य उभं राहिलं आणि चित्रांसोबत कविता लिहिण्याची रीतही. पण आकार लहान झाले. गोल पंखे, चित्रवहीतलं एखादं पान. तिथे मला माझी सगळ्यात आवडती दरबारी कवयित्री भेटली, यांग सम्राज्ञी. निंगझोंग सम्राटाची राणी, ११६२ ते १२३३. कितीतरी शतकं लोक समजत होते की या कविता राणीच्या धाकट्या बहिणीच्या आहेत. त्या राणीच्याच, हे अलीकडे अभ्यासकांनी दाखवलं. बाई लिहिते म्हणजे दुसरीच कुणीतरी लिहीत असणार, हा संशय तिथेही होता तर.

चित्रकार मा लिन याने १२१६ मध्ये काढलेलं एक चित्र बीजिंगला आहे. रेशमाचा उभा पट, हिरव्या देठाच्या पांढऱ्या मेइच्या दोन फांद्या, आणि भोवती रिकामी जागा. वर राणीच्या अक्षरात चित्राचं नाव: 'घडीवर घडी, बर्फाचं रेशीम'. कैदेतल्या त्या सम्राटाच्या जर्दाळूच्या पहिल्या ओळीतलाच शब्द. हा शब्द कवितेत जुनाच, त्यामुळे तिथूनच उचलला असं मी म्हणणार नाही. पण राणीच्या दरबारात ती कविता कुणाला पाठ नसेल, हेही मला पटत नाही. नावाखाली चार ओळी (त्यातलं 'हान' म्हणजे सोंगांच्या कितीतरी आधीचं राजघराणं):

थंडीने गारठलेली फुलपाखरं जणू फुलाच्या घरात निजलीत,
चंदनी गाभ्याला मिठी मारून जुना वास आठवतायत.
गारठलेल्या शेंड्यापर्यंत फुललं की जास्तच गोड दिसतं,
हा साज हान राजवाड्यातलाच असणार.

मी सवयीने चित्र मोठं केलं आणि फांदी खालपासून वरपर्यंत तपासली, जसं झाडावर लपलेलं घुबड शोधतात. पाकळी, केसर, कळी, पुन्हा पाकळी. शेंड्यावर तीन कळ्या मिटलेल्या. पुन्हा खाली आले. दोन्ही फांद्या दोनदा बघून झाल्या.

फुलपाखरू कुठेच नाही.